सुईपाशी अडलेला यंत्रमानव

१८३१च्या जानेवारीत पॅरिसमधल्या र्यू द सेव्र रस्त्यावरच्या एका कारखान्यावर शिंप्यांचा जमाव चालून गेला. कारखान्यात ८० शिवणयंत्रं होती. बरीचशी लाकडाची, बोजड, एकाच दोऱ्यानं साखळीची टीप घालणारी. त्यांच्यावर फ्रेंच सैन्याचे गणवेश शिवले जात होते. आपल्या तोंडचा घास ही यंत्रं हिरावणार असं शहरातल्या शिंप्यांना वाटत होतं, आणि त्यांनी हाताला लागेल ते यंत्र फोडलं. ज्याच्या डोक्यातून हे यंत्र निघालं तो बार्तेलेमी तिमोनिए स्वतः शिंपीच होता. सेंत-एतिएन शहरात शिंपीकाम करता करता त्यानं ते जुळवलं होतं आणि १८३०मध्ये त्याचं पेटंटही घेतलं होतं. त्या दंगलीनंतर त्याला पुन्हा उभं राहणं जमलं नाही. १८५७मध्ये तो गरिबीतच वारला.

यंत्रामुळे कामगार देशोधडीला लागतो, हे सांगताना ही हकिगत हटकून निघते. पण ती बहुधा इथेच थांबवली जाते. पुढे काय झालं? यंत्र तर आलंच, सगळ्या जगात पसरलं. आणि शिलाईवर पोट भरणारे हात कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेले. आज एकट्या बांगलादेशात सुमारे ४० लाख लोक तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम करतात. मधल्या दोनशे वर्षांत कपड्याच्या धंद्यातली बाकीची बहुतेक कामं यंत्रानं घेतली. सूतकताई गेली, विणाई गेली, कापणी गेली. गोदामातली ने-आणही आता चाललीच आहे. सुईसमोर बसलेला माणूस मात्र तिथेच आहे. त्याला उठवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. चंद्रावर यान पाठवणाऱ्यांनीही ते केले.

तिमोनिएनंतर शिवणयंत्राला आजचं रूप आलं ते अमेरिकेत. एलायस हाउनं १८४६मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या सुईचं नाकं टोकाशी होतं आणि वरच्या दोऱ्याला खालून दुसरा दोरा अडकत होता. १८५१मध्ये आयझॅक सिंगरनं त्यात आपल्या सुधारणा आणल्या. दोघांत खटले झाले, शेवटी १८५६मध्ये बड्या उत्पादकांनी आपापली पेटंटं एकत्र केली. त्याच वर्षी सिंगरच्या भागीदारानं, एडवर्ड क्लार्कनं, यंत्र हप्त्यानं द्यायला सुरुवात केली आणि ते घराघरांत शिरलं. यंत्रांबद्दल एवढी साशंकता बाळगणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवाद मानलं होतं. मला तो अपवाद भावनेपोटी केलेला वाटत नाही. हे यंत्र माणसाला बाजूला सारत नव्हतं, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं.

शिवणयंत्र टीप घालतं, बस. दोन तुकड्यांच्या कडा जुळवायच्या, ते सुईखाली सरकवायचे, वळणावर वळवायचे, चुणी पडली तर बोटानं काढायची, हे सगळं हातांकडेच राहिलं. शर्टाची बाही मुंढ्याला जोडताना हे नीट दिसतं. बाहीच्या माथ्याची गोलाई मुंढ्याच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त ठेवलेली असते, कारण खांदा गोल असतो आणि हात वर उचलायचा असतो. म्हणजे कारागिराला एक लांब आणि एक आखूड अशा दोन कडा एकाच टिपेत बरोबरीनं संपवायच्या असतात. जास्तीचं कापड तो बोटांनी इंचाइंचाला थोडं थोडं दाबत नेतो. कापड सुती की ताणलं जाणारं, नवं की धुतलेलं, हे त्याच्या बोटांना कळतं आणि दाब आपोआप बदलतो. चांगल्या हाताखालची बाही लागली की जोडावर एक सुरकुती दिसत नाही. ही गोष्ट कुणी लिहून शिकवत नाही आणि यंत्राला सांगायची म्हटली तर कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

विणाईचं असं नव्हतं. मागावर उभं सूत दोन्ही टोकांना ताणून बसवलेलं असतं. प्रत्येक धागा कुठे आहे हे आधीच ठरलेलं, धोट्याची वाटही ठरलेली. यंत्राला एवढंच हवं असतं: वस्तू जागची हलू नये. म्हणून १८०४च्या सुमारास जाकारनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणून दाखवली, आणि १९२४मध्ये जपानच्या साकिची तोयोदानं असा माग तयार केला की धोट्यातलं सूत संपलं तरी माग न थांबता नवा धोटा आपोआप चढे. एका कामगारानं तीसहून अधिक माग सांभाळावेत असा तो हिशोब होता. १९२९मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. तोयोदा घराण्याच्या मोटारींच्या उद्योगाची सुरुवात याच पैशातून झाली, असं सांगितलं जातं.

ही झळ मुंबईलाही लागली. १९२८च्या गिरणी संपाची मोठी कारणं तीच होती. दोन साचे म्हणजे माग चालवणाऱ्या विणकरानं तीन चालवावेत, त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात एकानं जास्त बाजू सांभाळाव्यात, असा मालकांचा आग्रह होता. त्याला ‘रॅशनलायझेशन’ असं भारदस्त नाव होतं. एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळपास सहा महिने दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि याच संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्या भांडणात कामगारांची बाजू पॅरिसच्या शिंप्यांपेक्षा कठीण होती, कारण माणसामागे साचे वाढवणं खरोखरच शक्य होतं. नंतरच्या काळात तसं घडतही गेलं.

शिलाईच्या खात्यात स्वयंचलित यंत्राचा पहिला खरा शिरकाव झाला तो कापणीत. जोसेफ गर्बर हा व्हिएन्नात जन्मलेला ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४०मध्ये अमेरिकेत आला आणि पुढे मोठा संशोधक झाला. साठीच्या दशकाच्या अखेरीस त्यानं संगणकाच्या आज्ञेवर कापड कापणारं यंत्र बाजारात आणलं. अडचण नेहमीचीच होती. कापडाचे थरावर थर रचले की ते सुरीखाली सरकतात. गर्बरनं ते थर दाट ब्रशच्या केसांसारख्या पृष्ठभागावर ठेवले, वरून प्लास्टिकचा पातळ कागद घातला आणि खालून हवा ओढून घेतली. सगळा ढीग दबून पाटासारखा घट्ट झाला. सुरी त्यातून बिनदिक्कत फिरू लागली आणि तिचं टोक खाली ब्रशच्या केसांत शिरत असल्यानं तळाचं पृष्ठ खराब होईना. बेतणी-कापणीचा कुशल कारागीर त्यानंतर मोठ्या कारखान्यांतून हळूहळू दिसेनासा झाला. थोडक्यात, कापडाला काही वेळापुरतं कापड राहू न देणं, हीच गर्बरची युक्ती होती. शिवताना तसं करता येत नव्हतं.

सत्तरीच्या दशकात अमेरिकी बाजार आशियातून येणाऱ्या कपड्यांनी भरू लागला, तेव्हा तिथल्या उद्योगानं शिलाईलाच हात घालायचं ठरवलं. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ आणि माजी कामगारमंत्री जॉन डनलप यांच्या पुढाकारानं कपडे उत्पादक, सरकार आणि चक्क कामगार संघटना असे तिघं एकत्र आले आणि त्यांनी एक संस्था काढली. कामगार संघटनेचा विचार सरळ होता: काम परदेशी जाण्यापेक्षा थोडं काम यंत्रानं केलं तरी चालेल, निदान कारखाना तरी इथे राहील. संशोधनाची जबाबदारी मॅसॅच्युसेट्समधल्या ड्रेपर प्रयोगशाळेकडे गेली. अपोलो यानाला चंद्रापर्यंतची वाट दाखवणारी यंत्रणा याच प्रयोगशाळेची. तिच्यापुढे आता पुरुषी कोटाची बाही होती. कॅमेऱ्यानं तुकडा पाहायचा, घडी घालायची, कडा जुळवायच्या आणि सुईखाली न्यायचा, असं यंत्र त्यांनी बनवून दाखवलंही. पण कोटाची फॅशन बदलली, कापड बदललं, माप बदललं की सगळं पुन्हा बसवावं लागे. कारखान्यांना ते परवडेना. काही वर्षांत त्या संस्थेनं शिलाईचा नाद सोडला आणि प्रशिक्षण, शरीराची मापं घेणारे स्कॅनर अशा कामांकडे मोर्चा वळवला.

जपाननं हेच आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. तिथल्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयानं १९८२मध्ये कंपन्यांचा संघ बांधून स्वयंचलित शिलाईचा राष्ट्रीय प्रकल्प काढला. अब्जावधी येन ओतले. जवळपास नऊ वर्षांनी प्रात्यक्षिकात स्त्रियांचं जाकीट शिवून निघालं. जाकीट झालं, कारखाना काही झाला नाही. या प्रकल्पातून बरेच सुटे तुकडे पुढे उद्योगाला उपयोगी पडले, खिसे लावणारी, काज करणारी, बटण टाकणारी यंत्रं सुधारली. पण ज्या चित्रात एका टोकाला कापडाचं ठाण आणि दुसऱ्या टोकाला तयार कपडा आणि मध्ये कुणी नाही, ते चित्र बासनात गेलं.

दोन श्रीमंत देश हरले याचं अर्धं कारण कापड. उरलेलं अर्धं कारण कोरियातल्या बुसान बंदरात सापडतं. श्रीमंत देशांनी १९७४पासून गरीब देशांच्या कपड्यांवर कोटा घातला होता. दक्षिण कोरियाचा कोटा भरत आला, तेव्हा देवू कंपनीला कोटा न भरलेला देश हवा होता. बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी तिनं करार केला. १९७९मध्ये १३० बांगलादेशी तरुण-तरुणी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बुसानला गेले. परत येऊन त्यांनी चितगावचा कारखाना चालू केला, आणि त्यातले बरेचजण थोड्याच काळात तिथून बाहेर पडून आपापले किंवा दुसऱ्यांचे कारखाने उभे करायला लागले. ड्रेपरचे अभियंते बाहीशी झुंजत होते ती हीच वर्षं. ते एक बाही शिवणारं यंत्र बनवेपर्यंत चितगाव-ढाक्यात बाह्या शिवणाऱ्या मुलींच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. यंत्राला भांडवल लागतं, दुरुस्तीला माणूस लागतो, फॅशन बदलली की खर्च होतो. नव्या मुलीला सहा आठवड्यांत शिकवता येतं आणि काम नसेल तर घरी पाठवता येतं. मालकाचा हिशोब असा होता, आणि तो निर्दय असला तरी चुकीचा नव्हता.

या हिशोबाची किंमत २४ एप्रिल २०१३ला जगाला दिसली. ढाक्याजवळ साभारमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, खालची बँक बंद झाली होती, पण शिलाई कामगारांना वर पाठवण्यात आलं. त्यानंतर मोठ्या ब्रँडांवर दडपण आलं, किमान वेतन वाढलं, आणि यंत्रमानवाचा विषय पुन्हा चर्चेत आला.

आता संगणक स्वस्त झाले होते आणि कॅमेरे वेगवान. अटलांटात जॉर्जिया टेकमधून निघालेल्या सॉफ्टवेअर ऑटोमेशन या कंपनीला २०१२मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनं पैसे दिले. त्यामागे कायद्याचं एक कारण होतं. अमेरिकी सैन्याचे कपडे अमेरिकेतच शिवलेले असावे लागतात, आणि तिथे शिवणारे हात फारसे उरले नव्हते. या कंपनीचा कॅमेरा कापडातले धागे मोजत चाले. कापड किती ताणलं, किती सरकलं ते धाग्यांवरून ओळखून सुई आपली वाट बदले. सिअॅटलच्या जोनाथन झोर्नाऊनं वेगळाच मार्ग काढला. पाण्यात विरघळणाऱ्या रसायनात त्यानं कापड बुडवून वाळवलं. ते पत्र्यासारखं कडक झालं. मग बाजारात मिळणारा साधा रोबो-हात ते उचलून नेहमीच्या शिवणयंत्राखाली फिरवू लागला. टी-शर्ट झाला की गरम पाण्यात धुवायचा, कडकपणा जातो. कापडाला तात्पुरतं कापड राहू न देण्याची गर्बरची जुनी युक्तीच पुन्हा वापरात आली होती. २०१६मध्ये सबंध टी-शर्ट रोबोनं शिवल्याची बातमी झाली. पण रोज लाखो कपडे असे बुडवायचे, वाळवायचे आणि परत धुवायचे म्हणजे पाणी, वेळ आणि पैसा तिन्ही लागतं, हे त्या बातम्यांत फारसं कुणी लिहिलं नाही.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं आग्नेय आशियावर एक अहवाल काढला. व्हिएतनाममधल्या कापड, कपडे आणि पादत्राणं उद्योगातले ८६ टक्के कामगार आणि कंबोडियातले ८८ टक्के कामगार यंत्रांमुळे नोकरी जाण्याच्या मोठ्या धोक्यात आहेत, असं त्यात म्हटलं होतं. आकडे भीतीदायक होते आणि जगभर छापले गेले. २०१७मध्ये तर एका चिनी कंपनीनं अमेरिकेतल्या लिटल रॉकमध्ये अटलांटाच्या त्या कंपनीच्या यंत्रांवर दिवसाला आठ लाख टी-शर्ट शिवण्याचा बेत जाहीर केला, तेही अॅडिडाससाठी. मजुरी पडणार होती शर्टामागे ३३ सेंट. घोषणा गाजली, तेवढं उत्पादन मात्र गाजलेलं ऐकिवात नाही.

अॅडिडासचा स्वतःचा प्रयोग मात्र प्रत्यक्षात आला, आणि सगळी गोष्ट त्यात एकवटलेली आहे. या कंपनीचं मूळ गाव जर्मनीतलं हेर्झोगेनाउराख. तिथून फार दूर नसलेल्या आन्सबाखमध्ये २०१६मध्ये तिचे पहिले ‘स्पीडफॅक्टरी’ बूट तयार झाले. पाठोपाठ अटलांटाजवळ दुसरा कारखाना उभा राहिला. एरवी बुटाच्या आराखड्यापासून तो दुकानात पोचेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाई, आणि बोटीवरच काही आठवडे मोडत. इथे रोबो, संगणकी विणाई आणि साचे यांच्या जोरावर तेच काम दिवसांत व्हायचं होतं. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, शांघाय अशा एकेका शहरासाठी वेगळा बूट काढला गेला. दोन्ही कारखाने मिळून वर्षाला दहा लाख जोड काढायचे असं ठरलं होतं. कंपनीची एकूण विक्री तेव्हा वर्षाला चाळीस कोटी जोडांच्या घरात होती. नोव्हेंबर २०१९मध्ये अॅडिडासनं दोन्ही कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. इथलं तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे जाणार होतं, जिथे माल, सुटे भाग आणि माणसं हाताशी होती.

मला यात हरलेला रोबो दिसत नाही. बूट तो करत होताच. पण एकाच धाटणीचे, विणलेल्या वरच्या भागाचे धावायचे बूट त्याला जमत. चामड्याचा, रबरी तळाचा साधा बूट मागितला तर तो अडे. आशियातल्या कारखान्यात हा बदल थोड्याशा शिकवणीवर होतो.

विणाईनं मात्र आपला जुना बाणा दाखवला. ढाक्यातल्या एका स्वेटर कारखान्यात २०१२ ते २०१७च्या दरम्यान हातानं चालवायच्या विणयंत्रांच्या जागी जर्मन बनावटीची १७३ स्वयंचलित यंत्रं आली आणि काही शेकडा कामगारांचं काम गेलं. तिथे यंत्रांवर लक्ष ठेवणारे मोजके लोक उरले. स्वेटर विणताना प्रत्येक टाका सुईत अडकलेला असतो, हलत नाही. १९२८च्या मुंबईतल्या साच्यासारखंच. तेव्हा ज्या गोष्टीला कामगार घाबरले होते ती खरी ठरली, ती ढाक्यातही खरी ठरली. सुईच्या बाबतीत मात्र खरी ठरली नाही.

यंत्रमानवाला या धंद्यात खरी जागा मिळाली ती गोदामात, आणि तिची सुरुवात एका दिवाळखोरीतून झाली. वेबव्हॅन ही घरपोच वाणसामान देणारी अमेरिकी कंपनी २००१मध्ये बुडाली. तिथे काम केलेल्या मिक माउंट्झला एक गोष्ट खटकत होती: ऑर्डर गोळा करणारा माणूस दिवसभर बहुतेक वेळ नुसता चालतो. २००३मध्ये त्यानं पीटर वुर्मन आणि राफाएलो डँड्रिया यांच्याबरोबर किवा सिस्टिम्स काढली. तिचे रोबो दिसायला फारसे यंत्रमानवासारखे नव्हते. चाकांचा एक बुटका केशरी ठोकळा, जमिनीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचत चालणारा. तो मालाच्या उभ्या मांडणीखाली शिरे, तिला उचले आणि सगळी मांडणी घेऊन माणसासमोर येई. माणसानं जागेवर उभं राहायचं, दाखवलेल्या खणातून हवी ती वस्तू काढायची, खोक्यात टाकायची. मांडणी निघून जाई, दुसरी येई. गॅप, झॅपोस यांसारखे कपड्या-बुटांचे विक्रेते तिच्या पहिल्या ग्राहकांत होते. शंभर मापांत आणि वीस रंगांत येणाऱ्या मालाला ही रचना फार सोयीची पडे.

मार्च २०१२मध्ये अॅमेझॉननं किवा साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरना विकत घेतली आणि पुढे तिचे रोबो इतरांना मिळेनासे झाले. नाइलाजानं बाकीच्यांनी आपापले शोधले. अमेरिकेत कपड्यांच्या ऑर्डरी भरणाऱ्या एका गोदाम कंपनीतून लोकस रोबोटिक्स निघाली. भारतात बिट्स पिलानीच्या दोघा विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ग्रेऑरेंजनं आणि नॉयडाच्या अॅडव्हर्बनं असेच रोबो बनवले. अॅडव्हर्बमध्ये रिलायन्सनं २०२२मध्ये ५४ टक्के हिस्सा घेतला. अॅमेझॉनच्या गोदामांतल्या रोबोंची संख्या २०२५मध्ये दहा लाखांवर गेल्याचं कंपनीनं सांगितलं.

आणि इथेही शेवटी हातच अडला. खणातून नेमका एक शर्ट काढणं माणूस सहज करतो. रोबोला ते अजून अवघड जातं. जपानच्या युनिक्लोनं २०१८मध्ये टोकियोतल्या आरिआके इथलं गोदाम दायफुकु कंपनीच्या मदतीनं पुरतं यांत्रिक केलं. प्रत्येक कपड्यावर रेडिओ चिठ्ठी होती, त्यामुळे खोकं न उघडता आतला माल कळे. तिथली माणसं सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाली. उरलेल्या माणसांचं मुख्य काम कपडा उचलून खोक्यात ठेवणं. ते काढून टाकण्यासाठी कंपनीनं २०१९मध्ये मुजिनचे रोबो-हात आणले. ते हवेनं कपडा ओढून धरतात. पण पिशवीतला घडी घातलेला टी-शर्ट उचलला की मधूनच वाकतो आणि स्वेटर वेगळा वाकतो.

माणूस उरला, पण त्याच्या कामाची लय आता रोबो ठरवू लागला. अमेरिकेतल्या रिव्हील या शोधपत्रकारितेच्या संस्थेनं २०२०मध्ये अॅमेझॉनच्या अंतर्गत नोंदी तपासल्या. २०१६ ते २०१९ या काळात रोबो असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण रोबो नसलेल्या गोदामांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होतं, असं तिला आढळलं. पूर्वी तासाला शंभरेक वस्तू काढणाऱ्या माणसाकडून आता चारशेपर्यंत अपेक्षा केली जाई. कंपनीनं हा निष्कर्ष मान्य केला नाही. चालण्याचे कष्ट वाचले हे खरंच. त्या बदल्यात एकाच जागी उभं राहून सतत वाकावं आणि ताणावं मात्र लागे.

दुकानाच्या आतला रोबो तर प्रेक्षणीयच ठरला. वॉलमार्टनं २०१७पासून बोसा नोव्हा कंपनीचे सहा फुटी रोबो रिकाम्या फळ्या हेरायला फिरवले आणि नोव्हेंबर २०२०मध्ये करार संपवला. साथीच्या काळात ऑनलाइन ऑर्डरी भरणारी माणसं तशीही दिवसभर त्याच फळ्यांसमोर फिरत होती. त्यांनीच नोंदी केल्या तर भागत होतं. अमेरिकेतल्याच जायंट आणि स्टॉप अँड शॉप या दुकानांत ‘मार्टी’ नावाचा मोठ्या डोळ्यांचा रोबो फिरे. जमिनीवर काही सांडलेलं दिसलं की तो थांबून हाक मारी. पुसायला मात्र माणूसच यायचा.

कपडे लवकर पोचवण्याचा वेग गोदामानं वाढवला, आणि तो वेग शेवटी सुईवर येऊन आदळला. झारा कंपनीनं स्पेनमधल्या आर्तेइशोत कापणी आपल्या ताब्यात ठेवली, कारखान्यांपासून वितरण केंद्रापर्यंत जमिनीखालून रूळ घातले. शिलाई मात्र गालिसिया आणि पोर्तुगालमधल्या छोट्या कार्यशाळांतल्या बायकांकडे दिली. पुढे अनेक ब्रँडांनी भराभर नवा माल मागायला सुरुवात केली. मधल्या सगळ्या कड्या यंत्रानं जलद केल्या की उरलेल्या एका कडीला जास्त पळावं लागतं. ढाक्यात आणि बंगळुरात ओव्हरटाइम आणि तासाच्या टार्गेटचं ओझं वाढलं ते यातून.

श्रम संघटनेच्या २०१६च्या अहवालातली भाकितं सुईच्या बाबतीत खरी ठरलेली नाहीत. व्हिएतनामची कपड्यांची निर्यात त्यानंतर वाढली. बांगलादेशात २०२३च्या अखेरीस मजुरीवरून मोठं आंदोलन झालं, काही कामगार मारले गेले, आणि संघटनांनी २३,००० टका मागितले असताना किमान वेतन १२,५०० टका ठरलं. अशा बोलण्यांत ‘मजुरी वाढली तर यंत्रं आणू’ हा इशारा नेहमी ऐकू येतो. स्वेटरच्या कारखान्यात तो खरा होता. बाही लावणाऱ्या, कॉलर बसवणाऱ्या कामगाराला तो ऐकवणं म्हणजे, सध्या तरी, रिकामी धमकी आहे. मालक काम उचलून दुसऱ्या देशात नेऊ शकतो हा धोका खरा आहे; पण तो धोका दुसऱ्या माणसाच्या कमी मजुरीचा आहे, यंत्राचा नाही. दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे असल्यानं हा फरक लक्षात ठेवायला हवा.

महाराष्ट्रात या साखळीची दोन्ही टोकं एका गावात सापडतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून भिवंडीच्या आसपास गोदामं वाढली, आणि ज्या भागात यंत्रमागांचा खडखडाट चालतो तिथूनच आता ऑनलाइन मागवलेले कपडे निघतात. तिथल्या गोदाम कामगाराला रोबो आज ना उद्या भेटणारच. त्यानं आणि त्याच्या संघटनेनं मागायची गोष्ट कामाच्या वेगावर मर्यादा ही आहे. रोबोवर बंदी मागून काही हाती लागणार नाही. अमरावतीजवळ केंद्र सरकारचा पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे. तिथे शिलाईचे कारखाने आले की मजुरीची बोलणी होतील, आणि त्या टेबलावर कुणीतरी यंत्रमानवाचं नाव घेईलच. विदर्भातल्या ज्या मुली तिथे सुईसमोर बसतील, त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांनी तेव्हा गप्प बसू नये. यंत्र कोणतं काम घेऊ शकतं आणि कोणतं अजून घेऊ शकलेलं नाही, हे नावानिशी विचारावं आणि मजुरी त्यावर ठरवावी.